एकशे बारावी

आई चिपळुणात शेजारणीला सांगते,
मुलगी परराज्यात असते.
शेजारणीचा डावा कान अधू. तिला ऐकू येतं परदेशात.
आणि दर गणपतीला ती विचारते,
तिकडे म्हणे हिरव्या टेकड्यांवर
कापसासारख्या मेंढ्या चरतात?

चरतात, काकू.
हुक्केरीच्या पुढे. टेकडी नाही, माळ आहे,
हिरवं नाही, कुसळ आहे,
आणि कापूस म्हणाल तर तव्याच्या बुडासारखा.

आमच्याकडच्या पावसात मेंढी टिकत नाही.
मी पाहिली ती अंकलिपीत, गळ्यात घंटा, फोटोला उभी.
साखर कारखान्याने मला माती तपासायला ठेवलं,
पहिल्याच दिवशी पारिस चौगुल्यांच्या रानात
नमुना घेऊन मान वर केली
तर चारी बाजूंनी तोंडं.
माझ्या इंटरव्ह्यूलाही इतके जण नव्हते.
मी म्हटलं, हट्.
एकीने रवंथ थांबवला,
विचार केला,
परत सुरू केला.
शुक शुक, हाड, सरका हो जरा,
आईने मांजरावर खर्चलेलं मराठीही संपलं.
लांबून लकप्पाने जिभेने नुसतं ट्रुर्र केलं
आणि सभा तहकूब झाली.

भाषेचं मग कल्लव्वाने समजावलं.
(घरमालकीण. अर्धं वाक्य कानडी, अर्धं मराठी,
मधला श्वास तेवढा स्वतःचा.)
बा म्हणजे ये.
ब्याड म्हणजे नको.
आता मेंढीचं ऐक.

खिडकीला लागून वाघर लावून
एकशे अकरा बसवलेल्या.
खत चौगुल्यांचं, जागरण माझं.
एक म्हणते बाऽऽ
दुसरी म्हणते ब्याऽऽ
आणि शेवटचा ड काही येत नाही.
रात्रभर मी त्या ड ची वाट बघते.
झोप नसेल तर मेंढ्या मोजाव्यात म्हणतात.
मोजून काय करू,
त्याच मला मोजतायत.

लकप्पाच्या टगराचं नाव मॅनेजर.
त्याला माझ्या स्कूटरच्या आरशात दुसरा टगर दिसला.
आरसा गेला.
मग उजव्या आरशात तोच दिसला,
भित्रा, पळून इकडे आलेला.
विम्याच्या फॉर्मवर रकाना होता: समोरील वाहन.
मी लिहिलं, काळं. नंबरप्लेट नाही.

पौषात कल्लव्वाने घोंगडी दिली,
जिच्यातून मेंढी अजून पुरती निघालेली नव्हती.
ती पांघरून दिवेलागणीला दूध आणायला निघाले
तर मागे टुकटुक एक कोकरू.
थांबले, थांबलं.
घोंगडीचा कोपरा चोखू लागलं.
कोकरामागे त्याची आई, आईमागे मावशी,
मावशीमागे कारण न विचारता बाकीच्या.
डेअरीच्या रांगेत आम्ही सगळ्या.
बसगौडाने फॅटच्या मशीनवरून बघितलं.
मॅडम, एवढ्या जणांचं कुठल्या खात्यावर टाकू?

तेवढ्यात लकप्पा धापा टाकत आला
आणि एकेकीच्या पाठीला काठी लावत मोजू लागला.
शेवटची काठी माझ्या खांद्यावर.
नूरा हन्नेरडु.
तो थांबला. एकशे बारा कशा?
अंधारात जवळ येऊन मला नीट बघितलं.
इदु नम्मदल्ल, म्हणाला. ही आपली नव्हे.
मग घोंगडीचा कोपरा चिमटीत धरला,
वास घेतला,
आणि जरा नरमला:
उण्णी नम्मदु.
लोकर मात्र आपली.

यंदा काकूंनी परदेशी लोकर मागवलीय,
नातवाच्या स्वेटरला.
आणते. टोचेल, काकू.
पावसात वासही सुटेल.
आणि रात्री ट्रंकेतून ब्याऽऽ असं काही आलं
तर उजवा कान तिकडे करा,
ड लागला की
कळवा.